बस्त्याव मामा, विहीर सोड

प्रिय बस्त्याव मामा,

तुझ्या कबरीमुळे हे पत्र लिहितेय. मृतांच्या सणाला मी मीरा रोडहून गावी, पालीला आले. तुझ्या कबरीवर पांढरा थर होता. ओल्या फडक्याने पुसला, मेणबत्ती लावली. दुसऱ्या सकाळी थर पुन्हा तसाच! पाणी तपासणं हे माझं काम. चाखायची गरज नव्हती, तरी बोटावर घेऊन चाखला. मीठ.

तू आमच्या वाडीचा गडी. भिंतीपलीकडे समुद्र. आसपासच्या विहिरी खाऱ्या झाल्या, आमची गोड राहिली. "झरा चांगला हाय," पापा सांगायचा. झरा!

शाळेत असताना एकदा तू यायच्या आधीच मी ते पाणी प्यायले आणि थुंकले. तेवढ्यात तू आलास, हसलास. पायऱ्या उतरून दोन्ही हात पाण्यात बुडवलेस, डोळे मिटून बसलास. "आता पी गो बाय." पाणी गोड होतं. तुझ्या मनगटांवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

"कोनाला सांगू नको. सगल्या गावाच्या विहिरी माझ्या गल्यात येतील. एका अंगात किती मावंल?"

मी नाही सांगितलं. पण दुखायचं का रे? तेवढं तरी बोलायचं होतंस.

जेवताना तुला मीठ नको असायचं. पापा चिडवायचा, "बस्त्याव, मुलगी बघायला गेलास तिथं पन असाच जेवलास, म्हणून बायको मिलाली न्हाय!" तू मान खाली घालून हसायचास.

तू गेल्यावर पाणी खारं व्हायला हवं होतं. मी खारेपणा मोजायचं मीटर घेऊन आले. गोड. पुन्हा आले. गोड. शेवटच्या पायरीवर ओल्या हातांचे ठसे होते, कडेने वाळून पांढरे होत चाललेले. वाडीत कोणी नव्हतं.

मग मी ममीला सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"शवपेटी बंद करताना मी त्याला बोलले, बस्त्याव, विहिरीकडे लक्ष ठेव रे. मेलेल्याला बोलतात तसं बोलले गो!"

आणि तू ऐकलंस. आमच्या घरचं कुठलं काम तू कधी नाकारलंस? नाही म्हणायला शिकला असतास तर!

तू थांबलास की वांगी, मिरच्या, सगळी वाडी जाईल. ममी त्यावरच जगते. मी तिला ते स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे वाडी. आपला मानूस मातीत पन राबतोय."

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की आम्ही दोघी कबरीपाशी येऊ. ममी तुला सांगितलेलं काम मागे घेईल. तिला बोलता आलं नाही, तर मी बोलेन, मोठ्याने, लोकांसमोर. हे माझं वचन. विहीर खारी झाली, तरी तुला पुन्हा कोणी हाक मारणार नाही. आमचं एवढंच ऐक, मामा: आता काही करू नकोस.

तुझी,
सेलीन