अकरा फुल्या

जेबेझदादा,

संघटनेपायी तू लँकेस्टरच्या तुरुंगात बसलायस, आणि इकडे मी काय करून बसले ते ऐक. हे पत्र पाठवायचा धीर मला होणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

सोमवारी गिरणीच्या मालकांनी आम्हा विणकर बायकांना एकेकीला आत बोलावलं. पुढे कागद सरकवला: 'माझा कुठल्याही संघटनेशी संबंध नाही.' मी म्हटलं, "बाहेर बायकांना विचारून येते."

"त्यांना कशाला विचारतेस? तू स्वतंत्र माणूस ना? स्वतःच्या डोक्याने ठरव की!"

दादा, हे तर आपल्या बाबांचं बोलणं! हातमागावर पुस्तक उघडं ठेवून विणता विणता ते आपल्याकडून हेच घोकून घ्यायचे. त्यांचे शब्द या माणसाच्या तोंडून ऐकले आणि मी गांगरले. कागदावर सहीच्या जागी आधीच अकरा फुल्या होत्या. वाटलं, सगळ्यांनी अंगठाबहाद्दरांसारख्या मारल्यात, मी तरी नीट लिहावं. बाबांनी गिरवून घेतलेलं नाव लिहिलं, टॅबिथा क्लेग.

बाहेर आले तर कळलं, एकीनेही फुली मारली नव्हती. त्या कुणाच्या, देव जाणे.

आता तो कागद फाटकावर ठोकलाय. शेजारची केझाया माझ्यासमोर थुंकून म्हणाली, "आम्हाला वाचता येत नाही गं, पण फुल्यांखाली लिहिलंय ते कुणी, एवढं कळतं." तेव्हापासून दाराशी पाऊल वाजलं तरी मी दिवा विझवते.

नाव लिहायला हात धजत नाही, दादा. पण ही बारावी फुली खरी आहे.

तुझी बहीण,
×