ताईच्या पेशी

३ मार्च
ताईची डिश स्वच्छ! एकही गाठ नाही! शेजारच्या डिशमध्ये मात्र प्रथिनांच्या गाठींचा नुसता खच. जीनमधला बिघाड दोन्हींत तोच — ज्यानं आईला पन्नाशीत आमची नावं विसरायला लावली. ताई आता अठ्ठावन्नची, तरी ठणठणीत. तिच्या कातडीच्या कणापासून मेंदूच्या पेशी लॅबमधल्या या डिशमध्ये वाढवल्यात मी, पोटच्या पोरासारख्या जपून.
हुरळून जायचं नाही.

४ मार्च
हुरळले! धावत बॉसबाईंना दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, मोजलं कोणी? मी. बहीण कोणाची? माझी.
"मग हे मोजणं रद्द."
बरोबरच आहे म्हणा. आपला तो बाब्या! आता डिशांवरची नावं झाकून नुसते आकडे घातलेत. लॅबमधला ज्युनिअर, आमचा चष्मिस, मोजणार; मी हात लावायचा नाही. कळतं सगळं, तरी राग आलाच. घरी येऊन नवऱ्यावर काढला. बिचारा भांडी घासत होता.

९ मार्च
ताईचा फोन. वाटलं, निकाल विचारणार. छे! शब्दकोडं अडलं होतं. मी उत्तर सांगायच्या आत तिनंच सोडवलं, वर मलाच 'ढ' म्हणाली. फोन ठेवला. तिचं हे तोंड असंच चालू राहू दे, बस्स.

१२ मार्च
चष्मिस अजून मोजतोच आहे. गोगलगाय परवडली! काहीबाही निमित्त काढून दारातून डोकावत राहिले. शेवटी बॉसबाईंनी हाकललं.

१५ मार्च
नावं उघडली. ताईची डिश स्वच्छच! माझ्या मनाचे खेळ नव्हते!! तिच्या पेशींत असं काहीतरी आहे, जे गाठ बसायच्या आधीच कचरा झाडून काढतंय. काय ते शोधायला वर्षं लागतील. लागू देत. डिश म्हणजे माणूस नव्हे, हेही कळतं — पण आजचा दिवस माझा. बॉसबाई चक्क हसल्या. चष्मिस पार्टी मागतोय. मोजलं त्यानं, खर्च माझा!
ताईला फोनवर सांगितलं. म्हणाली, जन्मभर घर झाडतेय, आतही तेच चालू असणार. मग रडली. मीही.

१६ मार्च
ताईकडे गेले. बॉसबाईंखेरीज कोणालाच माहीत नाही, ते तिला सांगितलं — गाठींचा खच असलेली ती शेजारची डिश माझ्याच पेशींची आहे.
तिनं माझा हात धरला. मग बाही वर सारली.
"हवं तेवढं घे."