बैल बुजले नव्हते

प्रिय सुचिताताई,

पोळ्याच्या दिवशी तुझा सत्कार आहे, त्याचं भाषण शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आलं. फोन केला तर तुझे कार्यकर्ते उचलतात आणि ताई मीटिंगमध्ये आहेत म्हणतात, म्हणून लिहितो आहे. नववीत शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ मी सोडलेलं नाही, तुला माहीत आहे. चुका थोड्याच होत्या, त्या दुरुस्त केल्या. पण "त्या वर्षी माझे बैल बुजले आणि अनवधानाने आधी तोरणाखालून गेले, त्याबद्दल गावाची माफी मागते" हे वाक्य कोणी घातलं? 'अनवधानाने' हा शब्द तुझा नाही. भगवंतरावांच्या बैठकीतला आहे. आता ते तुझ्याच पक्षात आले आणि हारही तेच घालणार, म्हणून का?

ताई, मी तुझ्या शेजारून चालत होतो. भाऊजी गेल्यानंतरचा तो पहिला पोळा. तू पाखऱ्या-चांद्याच्या शिंगांना बेगड लावलंस, झुली घातल्यास आणि रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहिलीस. मानाची जोडी भगवंतरावांची, ती आधी जाणार, यावर तुझं काही म्हणणं नव्हतं. तेच रांग सोडून मागे आले आणि चारचौघांत म्हणाले, पोळ्यात विधवा बाई नको, बैल एखाद्या गड्याच्या हाती दे. तू एवढंच म्हणालीस, "चारा म्या टाकला, कासराही माह्याच हाती राहीन." आणि अख्ख्या रांगेच्या कडेनं जोडी नेऊन सगळ्यांच्या आधी तोरणाखालून काढलीस. डफडं थांबलं. बैल बुजले म्हणे! चांद्या मध्येच उभा राहून तोरणाची आंब्याची पानं खात होता.

मग गिरणीवाल्यानं आपलं दळण बंद केलं, मी मोताळ्याहून पीठ आणायचो. पोलिसांत तक्रार झाली. वकीलही तेव्हा हेच सांगत होते, बैल बुजले म्हणा, मिटून जाईल. तुझ्यामागे कोणी नव्हतं तरी तू म्हणाली नाहीस. मग जिल्हा परिषदेवर निवडून आल्यावर काऊन म्हणायचं? प्रचारात भगवंतरावांनी तुला 'तोरण तोडणारी' म्हणून बदनाम केलं, आणि मतदानाच्या दिवशी जनकाबाई मला विचारत होती, "त्या तोरणवालीचं चिन्ह कोणतं बे?" बायकांनी मत कशाला दिलं ते यातच आलं.

तू रागावशील याची धास्ती आहे. तरी हे पत्र फाडणार नाही.

जनकाबाईचा नवरा उन्हाळ्यात वारला. काल ती माझ्याकडे बेगड मागायला आली होती. यंदा तिची जोडी ती स्वतःच आणणार आहे. जाताना दारात थांबून म्हणाली, "सुचिता राहीन ना तिथं?" मी हो म्हणालो. तू माईकवर बैल बुजले म्हणालीस, तर त्या बाईनं कासरा कोणाच्या हाती द्यायचा? ते वाक्य मी खोडलं आहे. त्या जागी काय बोलायचं ते तू एकदा बोलली आहेस.

तेव्हाही शेजारून चालणारा,
तुझाच
शिवम