उलट्या बसलेल्या क्रँका

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. साखर कारखान्याच्या गेटवर आमचं ऊस ओढणारं जुनं वाफेचं इंजिन रंगवून उभं केलंय, आणि चाकांवरच्या दोन्ही छोट्या क्रँका, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे दांडे, उलट बसवल्यात: डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. अशाने वाफ सोडणारा व्हॉल्व्ह उलटा हलतो. हँडल पुढे टाकलं की इंजिन मागे जाणार. सगळ्यांसमोर जगतापला झाडलं. वीस वर्षं माझ्या हाताखाली फिटर होता, आणि ही अक्कल?

तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या खुणा बघूनच बसवल्यात की."

खोटं वाटलं. डाव्या चाकावरच्या क्रँकेचा रंग नखाने खरवडला. खाली माझ्याच छिन्नीचा 'डा', म्हणजे डावी. इंजिन बंद पडल्यावर क्रँका काढून गोदामात ठेवताना मीच कोरलेला. डावं-उजवं ड्रायव्हरच्या जागेवरून धरायचं, हे जगतापला शिकवलं मी. आणि त्या दिवशी मी स्वतः इंजिनाच्या तोंडासमोर, डावं-उजवं उलटं दिसतं तिथे उभा राहून खुणा केल्या? केल्याच असणार. तो 'डा' काय खोटं बोलतोय?

जगतापने ब्रश घेतला, 'डा'वर परत रंग फासला. कुणाला काही बोलला नाही.

त्याचाच जास्त राग येतोय.