लुब्वामा ऑनलाइन आहे

सोमवार, १४ ऑगस्ट २०२३. सकाळी ७.१०. दादाच्या व्हिडिओ गेमच्या कन्सोलवरची धूळ रंगाच्या कुंचल्याने झाडत होतो, तेव्हाच ठरवलं की या कामाची नोंद ठेवायची.

शनिवारी मरण फोडायचा, म्हणजे शोक संपवून वारस नेमायचा, विधी झाला. लुब्वामादादा मार्चच्या नऊ तारखेला इस्पितळात गेला तो परत आला नाही, त्याचा. सगळं कुळ जमलं होतं. मला झाडाच्या सालीचं वस्त्र नेसवलं, हातात भाला दिला. सेंगा आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, आजपासून हाच लुब्वामा. घर याचं, लेकरू याचं. आता कुणी रडायचं नाही, शोक संपला. मला त्याची अडचण नाही. मी तसाही रडलो नव्हतो. कुणीतरी खुर्च्या मोजायला हव्या होत्या.

संकल्प: घरात जे जे बंद पडलंय ते एकेक चालू करायचं. सुरुवात कन्सोलपासून. त्याला घरच्या वायफायला जोडायचं. दुपारपर्यंत होईल.

१४ ऑगस्ट, संध्याकाळी ६. झालं नाही. पासवर्ड दादाने ठेवला होता, कुणाला माहीत नाही. वहिनी म्हणाली, माझ्या फोनमध्ये चालतंय ना, मग हात लावू नका. मी विचारपूर्वक राउटरच्या मागच्या भोकात टाचणी घातली. राउटर सगळं विसरला. आता वहिनीच्या फोनमध्येही चालत नाही. ती गोमेसी, म्हणजे बायकांचे समारंभाचे झगे, शिवते, गिऱ्हाइकं मापं आणि फोटो फोनवर पाठवतात. मी म्हणालो, वहिनी, ही तांत्रिक बाब आहे. ती म्हणाली, भावोजी, तांत्रिक म्हणजे काय, माझ्या पोटावर पाय?

बुधवार, १६ ऑगस्ट. राउटर पुन्हा लावला. नवा पासवर्ड चोवीस अक्षरी, अत्यंत सुरक्षित. शिवाय शेजाऱ्यांनी फुकट वापरू नये म्हणून नेटवर्कचं नाव लपवून टाकलं. आता ते कन्सोललाही दिसत नाही. पेट्रोल पंपाचं दिसतं, चर्चचं दिसतं, समोरच्या सलूनचंही दिसतं. आपलंच तेवढं नाही. यंत्र जुनं झालंय, दुसरं काय.

गुरुवार, १७ ऑगस्ट. नाव पुन्हा उघड केलं. हार नव्हे, माघार. चोवीस अक्षरं कंट्रोलरच्या दांडीने एकेक टिपून लिहायला बराच वेळ लागतो. सतरावं अक्षर दोनदा चुकलं. संध्याकाळी पावणेसहाला जोडलं गेलं. हिरवी खूण आली. मग पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली: लुब्वामा ऑनलाइन आहे. टेबलावरचा कंट्रोलर आपोआप थरथरला.

मी प्लग उपटला. व्होल्टेज कमीजास्त होत होतं.

शुक्रवार, १८ ऑगस्ट. पूर्ण अभ्यास केला. यंत्र उघडलं की शेवटच्या माणसाचं खातं आपोआप सुरू होतं, एवढंच. यात भिण्यासारखं काही नाही. मी भ्यालोही नव्हतो. पाठ भिंतीला लावून बसतो ती वाऱ्यासाठी.

कानाला लावायच्या हेडफोनच्या स्पंजला अजून दादाच्या तेलाचा वास आहे. स्वच्छतेचा प्रश्न. धुतला नाही, धुतल्याने स्पंज खराब होतो.

शनिवार, १९ ऑगस्ट. जोडलं. निरोपांची रांगच होती, सगळे एकाच माणसाचे. मुइन्यी म्हणून कुणी, टांझानियात, टांगा बंदरावर मासळीला बर्फ पुरवतो. दर शनिवारी चार वाजता दादा याच्याशी फुटबॉल खेळायचा. दोघं कधी भेटलेले नाहीत, एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. नुसते आवाज. मार्चमधला निरोप: कुठे आहेस? एप्रिलमधला: घाबरलास का? जूनमधला: मेलाबिलास का रे? पुढे हसण्याचं चित्र.

चार वाजता कानात आवाज आला. अरे बोकडा, पाच महिने कुठल्या बिळात होतास!

मी म्हणालो, आजारी होतो.

हे खोटं नाही. कुळाने सर्वांसमोर ठरवलंय की मी लुब्वामा. आणि लुब्वामा आजारी होताच. दादा ट्रकवर मोंबासापर्यंत जायचा, त्याचं स्वाहिली सराईत. माझं शाळेतलं, तेही तिसऱ्या वर्षी फी संपली तिथे संपलं. पण माझं शुद्धलेखन त्याच्यापेक्षा चांगलं आहे. ०–६ हरलो. मुइन्यी म्हणाला, आजाराने तुझे पाय खाल्ले की काय? मी हसलो. हसलो तर दादाचं हसू बाहेर आलं, ते शेवटी खोकल्यासारखं अडकतं ना, तेच. कुठून आलं कळलं नाही.

वहिनी मागे मटोकेची हिरवी केळी सोलत होती. सुरी खाली पडल्याचा आवाज झाला. जेवण वाढताना म्हणाली, भाला दिला, घर दिलं, नाव दिलं. त्यांचा गळा नाही दिला कुणी तुम्हाला. त्या माणसाला खरं काय ते सांगा.

सांगणारच आहे. पुढच्या शनिवारी.

मंगळवार, २२ ऑगस्ट. निवेदन तयार केलं. स्वाहिली कोश समोर ठेवून, प्रत्येक शब्द तपासून. सुरुवात: ‘महोदय, अत्यंत खेदाने कळविण्यात येते की’. पहिलं वाक्य फारच छान जमलंय. दुसरं नंतर.

शनिवार, २६ ऑगस्ट. निवेदन खिशात होतं. पण मुइन्यीच आधी बोलला. विचारू लागला, तुझी चिमणी काय म्हणते? अजून मांडीवर बसून भलतीच बटणं दाबते का? दादाची लेक नामुद्दू त्या वेळी माझ्या मांडीवर बसून भलतीच बटणं दाबत होती. लेकरासमोर अशा गोष्टी बोलू नयेत. ०–४ हरलो. प्रगती आहे.

वहिनीने नजरेनेच विचारलं. मी म्हणालो, आज आवाज फुटत होता. ती म्हणाली, कुणाचा?

सोमवार, २८ ऑगस्ट. गंभीर. मुइन्यीचा निरोप: गुरुवारी बसने निघतोय. आजारी माणसाला तारेवरून नाही, डोळ्यांनी बघायचं असतं. पत्ता नको सांगूस, क्येंगेरा, पंपामागचं घर, तूच शंभरदा सांगितलंयस.

दोन दिवसांचा रस्ता, दोन सीमा. तो बसमध्ये चढायच्या आत त्याला कळलंच पाहिजे. त्याचा फोन नंबर नाही. दादाचा फोन इस्पितळात हरवला. म्हणजे रस्ता एकच, हे यंत्र आणि हे वायफाय. आजच्या आज सांगायचं ठरवून बसलो, तर यंत्राने विचारलं, अपडेट करू का? नीटनेटका माणूस अपडेट अर्धवट सोडत नाही. हो म्हटलं. उतरायला वेळ लागेल असं दिसलं, म्हणून झोपलो.

मंगळवार, २९ ऑगस्ट. अपडेटने सकाळपर्यंत महिन्याचा सगळा डेटा गिळला. आणि वर अर्धवटच राहिलं. वायफाय मेलं.

(हा शब्द मी यंत्रासाठी वापरलाय.)

वहिनीचं लग्नाच्या बोलणीचं गिऱ्हाईक फोनवर वाट बघून दुसऱ्या शिंपिणीकडे गेलं. कापड बेतून झालं होतं. तिने ते घडी करून कपाटात ठेवलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

नाक्यावरच्या चपातीवाल्या बोसाकडे साठ हजार शिलिंग उसने मागितले. कशाला, तो म्हणाला. मी म्हणालो, एक निरोप पाठवायचाय. तो म्हणाला, साठ हजारांचा निरोप? त्यापेक्षा कोंबडी पाठव. पोचली नाही तर निदान वाटेतल्याने खाल्ली म्हणता येईल.

बुधवार, ३० ऑगस्ट. दुपारी डेटा भरला. राउटर लागला आणि विजेचे प्रीपेड युनिट संपले. टोकन आणलं, वीस आकडे मीटरमध्ये दाबले. साडेचारला सगळं सुरू. हिरवी खूण. लुब्वामा ऑनलाइन आहे. आता मी दचकत नाही. फक्त दर वेळी दाराकडे एकदा बघतो.

निवेदन दांडीने टिपत गेलो. ‘महोदय, अत्यंत खेदाने कळविण्यात येते की लुब्वामा’ इथवर आलं. पुढचा शब्द छोटा आहे. त्याचं शुद्धलेखन मला येतं, कोशात तीनदा पाहिलंय. उभी रेघ नावापुढे लुकलुकत होती. वहिनी दारात येऊन उभी राहिली, मग गेली.

शेवटी सगळं पुसलं आणि पाठवलं: येताना गरम काहीतरी आण, इथे पाऊस आहे.

विचारांती हेच योग्य. अशी बातमी समक्षच द्यावी.

शनिवार, २ सप्टेंबर. सकाळी अकरा वाजता आला. बुटका, पांढरी दाढी, भरतकामाची टोपी, हातात सुक्या ऑक्टोपसची टोपली आणि अंगात कुणाचातरी ढगळ कोट. मला वाटलं होतं माझ्या वयाचा असेल. दारात नामुद्दू होती. त्याने विचारलं, बाबा कुठाय गं? तिला सगळ्यांनी शिकवलंय तसं तिने माझ्याकडे बोट केलं.

वहिनी चटईवर होती. गुडघे टेकून तिने पाहुण्याला नमस्कार केला आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

त्याने दादाला कधीच पाहिलेलं नव्हतं. मी सहज लुब्वामा राहू शकत होतो. आजचा दिवस तरी.

त्याने मला मिठी मारली. कोटाला मासळीचा वास होता. मग कानाशी हळू म्हणाला, पहिल्याच शनिवारी तू चेंडू मागे दिलास. तीन वर्षांत लुब्वामाने चेंडू कधी मागे दिला नाही, हरला तरी नाही. त्याच दिवशी कळलं, हा कुणीतरी दुसरा आहे. म्हटलं, सांगेल. मग वाटलं, पोराला हे ओझं तारेवरून उचलवत नसेल, आपणच जाऊन घेऊन यावं. सांग आता.

निवेदन खिशातच होतं. काढलं नाही.

मी म्हणालो, लुब्वामा वारला.

वहिनीने हंबरडा फोडला. आत्याने सांगितलं होतं की आता रडायचं नाही, म्हणून मी तिला थांबवायला वळलो, तर आवाज माझाही होता. शेजारपाजारचे धावत आले. सलूनवाला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून आला. बोसा पीठभरल्या हातांनी आला आणि विचारू लागला, आज कोण गेलं? कुणालाच सांगता येईना. विधी झाला, खुर्च्या परत गेल्या, भाला दिला गेला, आणि तीन आठवड्यांनी या घरात रडणं सुरू. क्येंगेरात असं कुणी केलेलं नाही.

मुइन्यी मांडी घालून शांत बसला होता. जरा ओसरल्यावर त्याने नामुद्दूच्या मुठीत नोटा ठेवल्या. इकडे मरणाच्या घरी माबुगो, दुखवट्याचे पैसे, द्यायचे असतात, हे त्याला बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं होतं. मग म्हणाला, चार वाजले की यंत्र लाव. खेळलो. ०–९. मी चेंडू एकदाही मागे दिला नाही.

खेळ संपल्यावर त्याने विचारलं, तुझं स्वतःचं नाव काय? क्येयुने, मी म्हणालो. वहिनीने ऑक्टोपस शेंगदाण्याच्या रश्यात शिजवला. फार चिवट होता, सगळ्यांनी खाल्ला.

हिशेब.
खर्च: डेटा साठ हजार. विजेचं टोकन दहा हजार. स्वाहिली कोश, जुना, आठ हजार.
जमा: मुइन्यीकडून माबुगो वीस हजार. वहिनीला दिले.
देणं: बोसाला साठ हजार. वहिनीला गेलेल्या गोमेसीचे पंचेचाळीस हजार. दादाला, माझे स्वतःचे माबुगो, मार्चपासून.