परत आलेलं स्टूल

प्रिय श्रीहरी,

आपण दोघं एका उभ्या बाईची मुलं. आईचे पाय जगात कोणी पाहिले नाहीत, ही तक्रार तुझी आणि माझी एकच आहे, म्हणून ती दुसऱ्या कोणाला सांगायच्या आधी तुला सांगते. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी भाषण करते आणि तू "हो ताई, हो ताई" करत गाडी पार्किंगकडे वळवतोस. गुरुवारी तेच झालं. गाडी मागच्या गल्लीत लावा, सेठजींनी बस्त्यासाठी वरचा मजला मोकळा ठेवलाय, माझ्या सासऱ्यांना, नानांना, टेकायला लोड सांगितलाय, सगळं सांगितलंस. जे सांगायचं होतं तेवढं सोडून. मलाही एक विचारायचं होतं, ते मी विचारलं नाही. दोघंही हसून बोललो आणि फोन ठेवला.

रविवारी आम्ही तू सांभाळतोस त्या साड्यांच्या दुकानात पूर्वाच्या लग्नाचा बस्ता बांधायला येणार. वसुधा नावाची बाई आम्हाला शालू दाखवणार, अंगावर पदर टाकून आरशासमोर उभी राहणार. आणि रात्री दुकान वाढवताना तू तिला सांगणार आहेस की उद्यापासून येऊ नका. बघ, मला माहीत आहे. शुक्रवारी ब्लाउजपीसचा रंग विचारायला दुकानात फोन केला, तो शर्वरीने उचलला. "वसुधामावशींना दे" म्हटलं, तर पोरगी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सोमवारपासून त्यांचं काउंटर मला सांभाळायचंय. सरजींनी सांगितलंय, पण मावशींना अभी बोलायचं नाही, संडेची गर्दी निघू दे." सरजी म्हणजे तू. रविवारची गर्दी म्हणजे आम्ही.

आता बुधवारी काय झालं ते ऐक. तुझ्यापर्यंत ते कॅमेऱ्यातून पोचलंय, आणि कॅमेऱ्याला आवाज नसतो. पूर्वा आणि मी सहजच आलो होतो, तू गोदामावर गेला होतास. वसुधाने साड्या काढल्या. परदेशीपुऱ्यात राहते, बोलण्यात मराठी आणि हिंदी मिसळलेली, आपण लहानपणी बोलायचो तशी. होणाऱ्या जावयाच्या, नाचिकेतच्या घरचे ग्वाल्हेरचे आहेत म्हटल्यावर म्हणाली, "मग तर चंदेरीत फसवता येणार नाही, सासूबाई धागा मोजतील." पूर्वा इतकी हसली. आणि हसता हसता मला दिसलं की वसुधाने एक पाय चपलेतून काढला आणि दुसऱ्या पोटरीवर घासला. मग पाय बदलला. श्रीहरी, ही हालचाल तू आणि मी झोपेतसुद्धा ओळखू.

आई भांडाराच्या काउंटरमागे दिवसभर उभी राहून घरी यायची, पिशवी कोपऱ्यात ठेवायची आणि जमिनीवर आडवी होऊन दोन्ही पाय भिंतीला उंच लावायची. भिंतीवर तिच्या टाचांचे दोन काळे गोल पडले होते. बाबा दिवाळीला चुना मारायचे, होळीपर्यंत गोल परत. मी बाजूला बसून पुस्तक वाचायची, तू तेल लावायचास. पोटरीवरच्या त्या निळ्या गाठींना तू "नर्मदा" म्हणायचास, ही बघ नर्मदा, ही तिला मिळाली बघ छोटी नदी. आई हसायची. पुढे तिथे जखम झाली, भरेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाई, जरा बसत चला." ती म्हणाली, "बसायला मिळालं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?" डॉक्टरांना तो विनोद वाटला.

म्हणून बुधवारी मी वसुधाच्या पायांकडे बघत राहिले, ते पाहून पूर्वा म्हणाली, "मावशी, बसा ना जरा." वसुधा आधी नाही म्हणाली. पूर्वाने हात धरला, तुझीच भाची, हट्टी. ती गिऱ्हाइकांच्या गादीच्या कडेला टेकली. नुसती टेकली, आणि तिच्या तोंडून जो श्वास निघाला तो मी लिहून दाखवू शकत नाही. चार साड्यांची घडी होईपर्यंत बसली असेल. तेवढं कॅमेऱ्यातून सेठजींच्या मोबाइलवर दिसलं आणि तिला काढायचं ठरलं, हेही शर्वरीनेच सांगितलं. म्हणजे हे असं आहे: आम्ही एका बाईला माणूस समजून बसवलं, म्हणून ती उभी राहायच्या लायकीची उरली नाही.

तुमच्या धंद्याचं शास्त्र मला पाठ आहे. बसलेला नोकर दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं धंदा मंदा आहे. बसलेला माणूस आळसावतो. लक्ष्मी उभ्याउभ्या येते. हे शास्त्र लिहिणारे सगळे गादीवर बसून लिहितात. ज्या शहरात रस्त्यावरचा पोहेवालासुद्धा अनोळखी माणसाला "बैठो भिया" म्हणतो, जिथे तुमचे सेठजी दारात आलेल्या प्रत्येकाला हात जोडून "बिराजो" म्हणतात, त्या शहरात एवढा एकच शब्द दुकानाच्या बाया आणि पोरांसाठी शिल्लक नसावा? केरळात आणि तामिळनाडूत दुकानात काम करणाऱ्यांचा बसण्याचा हक्क कायद्यात लिहावा लागला. विचार कर, माणसाला गुडघे असतात हे विधानसभेला लिहून द्यावं लागलं. आणि आपण, वर्तमानपत्र वाचणारे, व्याख्यानमालेत मानवी प्रतिष्ठेवर माना डोलावणारे, बस्त्याला अर्धा दिवस गादीवर लोळतो, चहा पितो, "ती वरची दाखवा, नाही ती नको, तिच्या खालची" म्हणतो, आणि समोरच्या माणसाला पाय आहेत हे आपल्याला दिसत नाही. गरोदर असेल तर कळवळा येतो, म्हातारी असेल तर येतो. नुसता थकलेला माणूस आपल्या दयेच्या नियमात बसत नाही. वसुधा आजारी नाही. तिला दोन पाय आहेत, एवढं कारण पुरेसं असायला हवं.

तू म्हणशील, ताईचं सुरू झालं. गेल्या वर्षी मंडळातल्या माझ्या भाषणानंतर तू म्हणाला होतास, "ताई, लोक तुझ्यासाठी बसून टाळ्या वाजवतात, आम्हाला उभं राहून पोट भरायचंय." सगळे हसले, मीही हसले. वाक्य चांगलं होतं. पण भाऊबीजेला तू पाटावर बसलास तेव्हा तुझी मांडी घातली गेली नाही, ते मी ओवाळताना पाहिलं. पँट वर सरकली तेव्हा ते गुडघ्यापर्यंतचे घट्ट तपकिरी मोजेही पाहिले. तू पटकन पँट खाली ओढलीस आणि अनारशांचं कौतुक करायला लागलास. अनारसे त्या वर्षी बिघडले होते, श्रीहरी. तुझ्याही पायात नर्मदा उतरली आहे, आणि तू ती सेठजींपासून लपवतोस, जशा वसुधा आणि शर्वरी तुझ्यापासून लपवतात. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार, ही भीती मला समजत नाही असं नको समजू. त्या भीतीने माझीही झोप उडते.

पण एक गोष्ट मला समजत नाही. बुधवारी गादीवर टेकलेली असताना वसुधाने कोपऱ्यातल्या त्या लाकडी घोडीकडे बोट दाखवलं, वरच्या खणांतले गठ्ठे काढायला चढतात ती. आमचं नातं तिला माहीत नव्हतं. म्हणाली, "पहले आम्ही हिच्या खालच्या पायरीवर बसून घ्यायचो, दुपारी गिऱ्हाईक नसताना. मग आमचे श्रीहरीजी आहेत ना, त्यांनी पायरीवर उभ्या पट्ट्या ठोकल्या. चढता येतं, बसता येत नाही. बहुत दिमागवाले आदमी हैं." रागाने नाही म्हणाली. तुझ्या हुशारीचं खरंच कौतुक होतं तिच्या बोलण्यात. मी पुढे होऊन पायरीला हात लावून पाहिलं. पट्ट्या सुबक बसवल्या आहेस. खिळ्यांची डोकी आत घेतली आहेस, म्हणजे कोणाची साडी अडकू नये. साडीची काळजी घेतलीस.

पूर्वा माझ्या शेजारी उभी होती. तिनेही पट्टीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता म्हणेल की मामाने मला बोहल्यावर आणायचं नाही. तसं काही म्हणाली नाही. शुक्रवारी शर्वरीचं बोलणं तिला सांगितलं, तेव्हाही नाही. तिने विष्णूंना आणि नानांना एवढंच सांगितलं की रविवारी वसुधामावशी बसेपर्यंत मी गादीवर बसणार नाही. तिचे बाबा म्हणाले, मग मीही नाही. नानांनी थोडा विचार करून विचारलं, "काठी धरली तर चालेल ना?" आम्ही सगळे उभेच राहू, सेठजींनी कितीही "बिराजो" म्हटलं तरी. हे धमकी म्हणून लिहीत नाही. तुला आधी माहीत असावं, ऐन वेळी तोंडघशी पडू नयेस, म्हणून लिहिते.

आणि काल रात्री जेवताना पूर्वाने मला विचारलं, "आई, मामाला आजीचं स्टूल आठवत असेल का गं?" त्या प्रश्नासाठी हे पत्र आहे. तू सातवीत होतास. आंब्याच्या खोक्याच्या फळ्या काढून आईसाठी बुटकं स्टूल केलंस, काउंटरमागे ठेवायला. कडा काचेने घासल्या होत्यास, तिच्या लुगड्याला लागू नयेत म्हणून. ती सकाळी पिशवीत घालून घेऊन गेली आणि संध्याकाळी परत घेऊन आली. भांडाराच्या मॅनेजरने ठेवू दिलं नव्हतं. तू त्या दिवशी जेवला नाहीस. म्हणालास, मी मोठा झालो की त्या माणसाला विचारीन. तो माणूस आता कुठे आहे मला माहीत नाही, पण त्याची जागा कोणाकडे आहे हे माहीत आहे. ते स्टूल आई शेवटपर्यंत स्वयंपाकघरात वापरत होती, नंतर माझ्याकडे आलं. आज पूर्वा ते या पत्राबरोबर तुझ्या घरी आणून देते आहे. एक पाय हलत होता, तिने पाचर मारून घट्ट केलाय. रविवारी दुकान उघडताना ते तुझ्या हाताने वसुधाच्या काउंटरमागे ठेव, आणि आमच्या देखत, सेठजींच्या देखत, तिला म्हण, "बसा." आम्ही दारात थांबू.

तुझीच,
नीरजाताई