शिंपिणीच्या घरातलं अंगुस्तान

हार्लन गल्च,
१४ ऑक्टोबर

चि. लोर्ना,

गुडघे सोडले तर मी ठीक आहे. तू खुशाल असशील असं धरून चालतो. पत्ता तुझ्या मावशीकडून मिळाला. पुढच्या आठवड्यात बर्फाने घाट बंद होईल, म्हणून हे आजच टपालात टाकतोय.

गावात नवं काही नाही. नवं काही होऊ नये याचाच तर मला पगार मिळतो. खाणीतलं सोनं संपल्यावर माणसं जशी टाकून गेली तशीच घरं ठेवायची. पडू द्यायची नाहीत, सजवायची नाहीत, आतली धूळही पुसायची नाही. जुन्या दारूगुत्त्याची मागची भिंत दीड इंच कलली होती. आतून टेकू दिला. बाहेरून एखाद्या इंजिनिअरलासुद्धा कळणार नाही.

गाव बघायला येणाऱ्यांच्या तिकीटखिडकीवर अजून ओडेलच आहे. मागच्या महिन्यात म्हणाला, "वेंडेल, तुझी पोरगी येऊन गेली रे. मी म्हटलं, अगं, तुला कसलं तिकीट? तर म्हणते, काका, मी पाहुणी आहे, पैसे घ्या."

"असं? मला नाही दिसली," मी म्हणालो.

खोटं बोललो. मी शिंपिणीच्या घराच्या ओसरीखाली पालथा पडून तुळईला ठोकळा लावत होतो. फळ्यांच्या फटीतून तुझे बूट दिसले. शेजारी छोटे लाल बूट.

"आई, आत का नाही जायचं?"

"आतल्या वस्तूला हात लावला की इथला माणूस रागावतो."

"कोण माणूस?"

तुझे बूट पायरीकडे वळले, लाल बूट मागोमाग. मी खालून हाक मारली नाही. माझ्या मुठीत तेव्हा ते अंगुस्तान होतं.

तुळईमागे रानउंदराचं घरटं होतं. काड्या, बाटलीचं बूच, कुणाची तरी किल्ली, आणि शिंपीण शिवताना बोटात घालायची ते चांदीचं अंगुस्तान. ज्याच्यासाठी चौदा वर्षांच्या तुला मी सगळ्या कामगारांसमोर खिसे उलटे करायला लावले होते. "बाबा, मी नाही घेतलं," असं तू तीनदा म्हणालीस.

संध्याकाळी जुनी वही काढली. माझंच अक्षर: 'अंगुस्तान गहाळ. जागेवर पाइनचं सुकं बोंड, लांबी दोन इंच. लोर्नाने नेलं.' रानउंदीर चकाकतं काही उचलताना तोंडातलं तिथेच टाकून जातो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी बोंडाची लांबी मोजली आणि संशय तुझ्यावर घेतला.

वहीत खोडायचं नाही, हा नियम माझाच. म्हणून खाली लिहिलं: 'लोर्नाने नेलं नव्हतं. चूक माझी.' खाली सही केली. त्या दिवशीच्या माणसांपैकी आता ओडेल एकटाच उरलाय. त्याला वाचून दाखवलं.

"मला काय वाचून दाखवतोस, गाढवा? तिला लिही!"

लिहायला पाच आठवडे लागले.

शिंपिणीच्या खिडकीच्या काचेवर, बाहेरून, एका लहान तळव्याचा ठसा आहे. ओसरीपासून अडतीस इंचांवर. काच दर सोमवारी पुसायची असते. पाच सोमवार मी ती पुसलेली नाही. छोटीचं नाव मला माहीत नाही, तेवढं कळव. आणि तिने विचारलं होतं ना, कोण माणूस? तुला वाटलं तरच सांग.

ओसरीखालून ज्याला बाहेर येता आलं नाही तो,
तुझा बाबा